पायातील शॉर्टसर्किट

एक मोठा आणि एक अगदी लहान असे दोन रोध समांतर जोडले, तर बहुतेक विद्युतप्रवाह लहान रोधातूनच जातो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. माणसाच्या पायातही क्वचित असेच घडते.

हृदयातून रोहिण्यांवाटे निघालेले रक्त सूक्ष्म रोहिण्या व केशवाहिन्यांच्या जाळ्यातून नीलांमध्ये उतरते. या वाटेवर रोध मोठा असतो. म्हणूनच मोठ्या रोहिणीतील पाऱ्याच्या सुमारे ९५ मिलिमीटर एवढा सरासरी दाब नीलांपर्यंत अगदी थोडा उरतो. काहींच्या बाबतीत मात्र जन्मापूर्वीच ही घडण बिघडते आणि केशवाहिन्यांच्या जागी रुंद, वेड्यावाकड्या वाहिन्यांचा गुंता तयार होतो. नळीची त्रिज्या दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाने १६ पट द्रव वाहतो, असे प्वाझय यांचा नियम सांगतो. (रक्त काही पाण्यासारखे साधे द्रव नव्हे, नियम येथे अदमासापुरता घ्यावा.) त्यामुळे गुंत्यातून रक्त धो धो वाहते. वर हात ठेवला तर थरथर जाणवते. बोटांना मात्र रक्त अपुरे पडते, तेथील जखमा चिघळतात आणि हृदयाला विनाकारण जादा रक्त पंप करावे लागते. गुंत्याकडे जाणारी रोहिणी बोटाने दाबली, तर नाडी मंदावते. ही खूण निकोलादोनी यांनी १८७५ मध्ये नोंदवली.

मग ती रोहिणी कायमचीच बांधून टाकली तर? पूर्वी शल्यवैद्य तसे करीत. पण येथे विजेची उपमा अपुरी पडते. तार तोडली की विषय संपतो. रक्तवाहिन्या सजीव आहेत. गुंत्यातील दाब कमी राहिल्याने आजूबाजूच्या बारीक रोहिण्यांतून रक्त तिकडे ओढले जाते, त्या रुंदावतात, आणि दुखणे परतते. म्हणजे बंद करायचा तो गुंताच!

आज जांघेतून बारीक नळी रोहिणीत सरकवून गुंत्यातच अल्कोहोल किंवा चिकटणारे द्रव्य सोडतात. गुंता मर्यादित जागेत असेल, तर रक्तस्राव असा आटोक्यात आणून शल्यवैद्य तो कापून काढतात. स्नायू, हाडे, मज्जातंतू यांत तो पसरलेला असेल, तर सगळा काढता येत नाही. फारच बिकट झाल्यास पाय कापण्याची वेळ येते. ज्यांची रोहिणी पूर्वी बांधलेली आहे, त्यांच्या बाबतीत नळीची वाटच बंद असते. मग त्वचेतून थेट गुंत्यात सुई घालावी लागते.