बारावीला टक्के कमी; बीडीएसचं काय?

प्रश्न : बारावीला भौतिकशास्त्रात ४५, रसायनशास्त्रात ४८, जीवशास्त्रात ६२ गुण मिळाले. बीडीएसचा नाद सोडावा का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : मुळीच नाही! ३०० पैकी १५५ म्हणजे ५१.६७ टक्के. खुल्या प्रवर्गाला या तीन विषयांत मिळून ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४०. इंग्रजीत उत्तीर्ण असणंही आवश्यक.

खरी कसोटी पुढे आहे. गुणवत्ता यादी ‘नीट’च्या ७२० गुणांवर लागते, बारावीचे टक्के त्यात धरत नाहीत.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. सोलापूरजवळ केगावला आहे ते खासगी, तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी शुल्क तपासावं. राज्य कोट्यासाठी सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. विद्यार्थिनीने ती मुदत चुकवू नये.