पुसद यवतमाळातच राहिला

वाशिम

चि. ओवी हिस,

तुझा प्रोग्रॅम रात्रभर चालून पहाटे ‘मेमरी नाही’ म्हणत बंद पडला, आणि रॅम तर निम्मी मोकळी होती, असं ताईकडून कळलं. नवी रॅम विकत घ्यायच्या आधी व्हीएमए मोज.

लिनक्स कर्नल प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांचे पट्टे पाडतो. हेच व्हीएमए. दर पट्ट्यामागे एक नोंद असते: कुठून कुठपर्यंत, वाचायचा की लिहायचाही, कुठल्या फाइलचा. एका प्रोसेसला अशा नोंदी मुळात ६५,५३० पर्यंतच मिळतात. त्या संपल्या की रॅम कितीही शिल्लक असो, उत्तर ‘मेमरी नाही’ हेच येतं.

म्हणून कर्नल जमेल तिथं शेजारचे पट्टे जोडून टाकतो. त्यात डेटा जागचा हलत नाही. एका नोंदीची हद्द सरकते, दुसरी नोंद रद्द होते. आपल्या जिल्ह्याचं असंच झालं होतं. १९०५ साली वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांचे चार केले, तेव्हा वाशिम जिल्हा रद्द होऊन त्याचे वाशिम आणि मंगरूळ तालुके अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे. घरं होती तिथंच राहिली, बदलले ते कचेरीतले कागद. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम पुन्हा वेगळा निघाला. पुसद यवतमाळातच राहिला.

कर्नल मात्र सरकारपेक्षा काटेकोर. दोन पट्टे एकमेकांना भिडलेले हवेत, परवानग्या तंतोतंत सारख्या हव्यात. फाइलचे पट्टे असतील तर फाइल एकच हवी आणि तिच्यात जिथं एकाचा शेवट तिथंच दुसऱ्याची सुरुवात हवी. यातली एक अट चुकली तरी नोंदी वेगळ्याच राहतात. जुन्या कोडमध्ये जोडणीच्या फंक्शनवर आठ प्रकार अक्षरांच्या आकृत्या काढून समजावले होते. पट्ट्याचा एक तुकडा शेजाऱ्याच्या हद्दीत जाणं, म्हणजे पुसदची गत, त्यांतही होती.

हे हातानं करून बघ. एममॅपनं तीन पानं माग, म्हणजे १२,२८८ बाइट. मधल्या पानाची लिहिण्याची परवानगी एमप्रोटेक्टनं काढ. प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये जिथं एक ओळ होती तिथं तीन दिसतील. परवानगी परत दे, पुन्हा एकच. पहिलीच ओळ अपेक्षेपेक्षा लांब निघाली तर गोंधळू नकोस. तशाच परवानग्यांच्या शेजाऱ्याला ती आधीच चिकटलेली असते.

आता तुझ्या कोडकडे वळ. एकाआड एक पान पहारेकरी म्हणून कुलूपबंद करत असशील, तर कुठलाच पट्टा शेजाऱ्याशी जुळणार नाही आणि जेमतेम २५६ एमबीत सगळ्या नोंदी संपतील. मर्यादा वाढवता येते, पण तो शेवटचा उपाय. आधी पहारेकरी पान दर पानामागे न ठेवता मोठ्या गठ्ठ्याच्या टोकाला ठेवून बघ, आणि मॅप्समधल्या ओळी बदलाआधी किती होत्या, नंतर किती झाल्या ते कळव.

तुझा,
मामा