फोरएंड घेण्याआधी रेल मोजा

रायफलचा कुठलाही सुटा भाग विकताना दुकानदार एक वाक्य हमखास टाकतो. सुरतेत ते गुजरातीत येतं: "बधामां फिट थाय, काका." म्हणजे सगळ्यात बसतं. उधन्यात लेथवर लूमचे पार्ट काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. दोन कंपन्यांच्या लूमचा साधा बुशसुद्धा एकमेकांत जात नाही. तेव्हा जर्मन एअर रायफलला कुठलासा ठोकळा आपोआप बसेल, हे मला पटणं शक्यच नव्हतं. पण पुतणी नेमबाजी शिकते, पार्सल तिच्या नावाने येतं, आणि काका दुकानातून घरी येईपर्यंत सामान रायफलवर चढलेलं असतं.

पुढच्या हातावर रायफलचा जो भाग टेकतो तो फोरएंड. १० मीटरला उभ्याने नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि रायफलचं वजन स्नायूंऐवजी हाडांवर सोडतात. कोपरापासून डोळ्यापर्यंतचं अंतर प्रत्येकाचं निराळं. ते भरून निघालं नाही तर मान खाली झुकते, किंवा मूल कोपर कमरेवरून उचलून रायफल वर धरतं आणि दहा मिनिटांत हात थरथरायला लागतो. म्हणून फोरएंडखाली उंची वाढवणारा ठोकळा लावतात. त्याला रेंजवर सगळे रेझर म्हणतात. चूक रेझर घेण्यात नाही, तो फोटो बघून घेण्यात आहे.

आधी एक विषय बाजूला काढतो. मुलं मोबाइलवर अमेरिकेतल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचे हँडगार्ड बघतात, त्यावरच्या एम-लॉक नावाच्या, सामान अडकवायच्या खाचा त्यांना आवडतात, आणि असलं काही आपल्या रायफलला लावता येईल का असं विचारतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध वर्गात मोडते. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' म्हणताना शस्त्राचे सुटे भागही धरलेले आहेत. खऱ्या बंदुकीचा भाग परदेशातून मागवायच्या फंदात कुणी पडू नये. आपली मुलं वापरतात ती ४.५ मिलिमीटर बोअरची एअर रायफल. २० ज्यूलच्या आतल्या अशा रायफलला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेतल्या रायफलची ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. तिच्या फोरएंडखाली एक सरळ, आतून रुंद होत गेलेली खाच असते. एम-लॉकचं सामान तिथे कुठेच अडकत नाही.

दिसायला सारख्या रेलही, म्हणजे सामान अडकवायच्या पट्ट्याही, सारख्या नसतात. पिकॅटिनी रेलची आडवी खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, वीव्हरची साधारण ४.५७. फोटोत हा फरक डोळ्याला कळतच नाही. पिकॅटिनीसाठी केलेल्या क्लॅम्पची आडवी दांडी वीव्हरच्या खाचेत उतरत नाही, वरच तरंगते. व्हर्नियर लावला की अर्ध्या मिनिटात उलगडा होतो.

पुतणीचा रेझर मात्र खाचेत सहज सरकला होता, आणि म्हणूनच गडबड उशिरा कळली. खाचेच्या आत एक चपटा नट सरकतो, खालून रेझरमधून बोल्ट त्यात जातो, आणि नट खाली ओढला गेला की रेझर फोरएंडला घट्ट चिकटतो. विकणाऱ्याने त्यासोबत दिलेला बोल्ट दोन-अडीच मिलिमीटर लांब होता. त्यामुळे त्याचं टोक खाचेच्या तळाला टेकायचं. ऍलन की फिरायची थांबायची, हाताला वाटायचं आवळलं. प्रत्यक्षात नट बोल्टाच्या रेट्याने खाचेच्या ओठांवर अडकलेला आणि रेझर मोकळाच. हाताने हलवून बघितला तर जाणवायचं नाही, पण रायफल हातावर ठेवून गाल टेकवला की केसभर सरकायचा. दहाचं वर्तुळ अवघं अर्ध्या मिलिमीटरचं. एका स्पर्धेत तिचे छर्रे आधी उजवीकडे एकत्र पडले, ती साइट फिरवत राहिली, मग डावीकडे पडायला लागले. घरी सगळ्यांनी ठरवलं की पोरीला टेन्शन आलं. मी बोल्ट काढला तर टोकाला घासल्याची चकाकी दिसली. बोल्ट कापून खाली वॉशर घातला, तेव्हा कुठे पकड आली.

म्हणून बसवताना एक तपासणी कराच: रेझर न लावता बोल्ट नुसता नटात फिरवा आणि तळाला टेकेपर्यंत किती लांबी आत जाते ते मोजा. रेझरची जाडी धरून बोल्ट त्यापेक्षा थोडा आखूडच हवा, पण नटातले आटे पूर्ण भरतील इतका. खाचेच्या वरच्या बाजूला हवेचा सिलिंडर असलेली रायफल असेल तर लांब बोल्टचा विषय आणखी गंभीर. २०० बारच्या सिलिंडरला ओरखडाही येता कामा नये.

दुसरी गोष्ट नियमांची. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्यानंतर सुरतेत लिंबायत, पांडेसऱ्यातल्या आमच्या खान्देशी घरांमध्येही नेमबाजीची चौकशी सुरू झाली. चांगलंच झालं. पण त्या प्रकारातली रायफल ८ किलोपर्यंत चालते, तिला हाताखाली पाम रेस्ट आणि खांद्यामागे हुक लावता येतो. हे दोन्ही १० मीटर एअर रायफलला मना आहे. एअर रायफलचं वजन साइटसकट ५.५ किलोच्या आत, आणि फोरएंडचा तळ नळीच्या मध्यरेषेपासून १२० मिलिमीटरपेक्षा खाली नको. रेझर सर्वांत उंच करून ही मापं स्वतः घ्या. "ऑलिंपिकला चालतो" असं विकणारा सांगत असेल तर कुठल्या प्रकारात, ते विचारा. तपासणीच्या टेबलावर पास होऊन मग रेझर खाली-वर करणं तर आणखी घातक. स्पर्धेनंतर पुन्हा तपासणीत मापं चुकली तर थेट बाद करतात. नियमपुस्तिकेत अधूनमधून बदल होतात, म्हणून प्रशिक्षकांकडची ताजी प्रत बघावी.

पोलादी रेझर हातात भरभक्कम वाटतो, पण माझं मत ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या रायफलवर पुढच्या टोकाला पाव किलो वाढलं की कंबर मागे झुकते आणि त्याचा हिशोब पाठीला चुकवावा लागतो. शिवाय सुरतेतला पावसाळा: पोलादी स्क्रूच्या डोक्यावर चार दिवसांत तांबूस पुटकुळ्या येतात. रेंजवरून आल्यावर केस उघडी ठेवून रायफल कोरडी होऊ द्यावी, हे मी पुतणीला अजून शिकवतोच आहे.

उंची ठरवायला विकतचा रेझर लागतच नाही. पातळ प्लायवूडचे तुकडे फोरएंड आणि हाताच्या मध्ये धरून, छर्रा न घालता, रायफल लक्ष्याकडे रोखायची. डोळे मिटून दोन श्वास, मग उघडायचे. साइट लक्ष्याच्या उंचीला आपसूक राहिली आणि मान सरळ असली तर तो तुकडा मोजायचा. मुलं वाढतात, म्हणून खाली-वर होणारा रेझर घ्या, ठरावीक उंचीचा नको. आणि रेझर बदलला त्या आठवड्यात बटप्लेट, चीकपीस, साइट यांना हात लावायचा नाही. नाहीतर नेम सुधारला की बिघडला, त्याचं कारण कधीच सापडत नाही.

जुनी रायफल घेणाऱ्यांना एकच सांगेन, कारण आमच्याकडे ती विकायला येते तेव्हा रेझर, वजनं, चकचकीत फोरएंड यांचीच जाहिरात जास्त असते. ते सगळं बाजूला ठेवून सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची. ती संपलेली असेल तर स्पर्धेत तो चालत नाही, आणि नवा घेताना पुन्हा आट्यांचा प्रश्न येतो: वॉल्थर कंपनीचा सिलिंडर फाइनवेर्कबाउच्या रायफलला लागत नाही, भरायचा ॲडॉप्टरही वेगळा. किंमत ठरवताना नव्या सिलिंडरचे पैसे आधी वजा करा, मग रेझरबद्दल बोला.