दहा बाय दहाच्या खोलीतली बालवाडी

तुर्भे स्टोअर असो, दिघा असो, चिंचपाडा असो की इलठणपाडा, आपल्या नवी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये जून-जुलैत एक वाक्य हमखास कानावर येतं. "पोरगं पहिलीत घातलंय, पण डोकं चालत नाही त्याचं." आधी शाळेतून कोणीतरी म्हणतं, मग शेजारीण म्हणते, मग आई म्हणते आणि शेवटी ते सहा वर्षांचं लेकरूही तेच खरं मानायला लागतं. एकदा बसलेला हा शिक्का पुसायला पुढची दहा वर्षं पुरत नाहीत.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केलं, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की मुलाला ढ म्हणण्याआधी त्याची पहिली सहा वर्षं कशी गेली ते विचारा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे पहिलीचा वर्ग सुरू होण्याआधीच मोठा पाया घातला गेलेला असतो. तो शाळेत नाही, घरात घातला जातो. म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

खेळ हे औषधच आहे

बाळाला दूध, जेवण, झोप आणि लस लागते हे आपल्या आयाबायांना आता पाठ आहे. पण मेंदूला आणखी एक खुराक लागतो. बाळाने आवाज केला की कोणीतरी उत्तर देणं, बाळाने हात पुढे केला की हातात काहीतरी येणं, हा तो खुराक.

याचा पुरावा उसेन बोल्टच्या देशातून, जमैकातून आला आहे. तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली गेली. वय ९ ते २४ महिने. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायच्या आणि टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन बाळाशी कसं खेळायचं ते आईला दाखवायच्या. काहींना दोन्ही मिळालं, काहींना दोन्ही नाही. दोन वर्षं हे चाललं. पुढे ही मुलं मोठी झाली तेव्हा दिसलं की नुसत्या आहाराचा मेंदूवरचा फायदा टिकला नाही, खेळाचा मात्र टिकला. बाविसाव्या वर्षी खेळ मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. त्या सेविका आपल्या आशाताईंसारख्याच साध्या बायका होत्या आणि खेळणी घरी बनवलेली होती.

लांब कशाला जायचं? आपल्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. शहरातली महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग बिया, शिंपले, खडे, पानं, माती हीच साधनं झाली. आज आपण सहज 'अंगणवाडी' म्हणतो, त्या शब्दामागे हे काम आहे. जंगलात बिया होत्या, आपल्या घरात वाट्या आहेत, कपड्यांचे चिमटे आहेत, कणीक आहे.

आधी हात, मग पेन्सिल

वस्तीत गल्लोगल्ली केजीचे क्लास निघाले आहेत. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ए-बी-सी-डी गिरवायला बसवतात आणि आपण पोटाला चिमटा काढून फी भरतो. हात कसा तयार होतो ते जरा बघा. आपल्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेची असतात आणि मग एकेक करून टणक होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली निम्मीसुद्धा हाडं तयार नसतात. शेवटचं हाड तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान तयार होतं. अशा हाताला ओळीत अक्षर काढायला लावलं की तो दुखतो, अक्षर बिघडतं, मार बसतो आणि मूल वहीला घाबरायला लागतं.

तोच हात कणीक मळतो, चिमटा दाबतो, कागद फाडतो, तेव्हा बोटांत बळ येतं. पुढे पेन्सिल धरायला हेच बळ लागतं. लिहिण्याची खरी तयारी वहीत होत नाही, परातीत होते.

कोणत्या वयात काय करायचं?

*जन्म ते सहा महिने.* मालिश, अंघोळ, दूध पाजणं हेच तासाचे वर्ग आहेत. बाळाच्या डोळ्यांत बघून बोला. "हा बघ हात, आता हा पाय." बाळाने 'अं' केलं की तुम्हीही 'अं' म्हणा आणि थांबा, ते पुन्हा उत्तर देतं. ते जागं असताना दिवसातून थोडा थोडा वेळ तुमच्यासमोर पालथं ठेवा, मान आणि पाठ बळकट होते. झोपवताना मात्र उताणंच झोपवा.

*सहा महिने ते एक वर्ष.* स्टीलची वाटी आणि चमचा द्या. वाजवणं, आपटणं, टाकणं हा धिंगाणा नाही, अभ्यास आहे. जुन्या साडीच्या चिंध्यांचा घट्ट शिवलेला चेंडू करा. ओढणीखाली वाटी लपवा आणि विचारा, "कुठे गेली?" बुवा-कुक खेळा. दिसत नाही ती वस्तूही असते, हे मोठं ज्ञान बाळाला यातून होतं.

*एक ते दोन वर्षं.* रिकामा डबा, त्यात चार-पाच मोठ्या वस्तू. भरायच्या, ओतायच्या, पुन्हा भरायच्या. वेगवेगळ्या आकाराची झाकणं आणि डबे जुळवायला द्या. टोपात टोप घालायला द्या. "बाबांची चप्पल आण", "पेला आजीला दे" अशी छोटी कामं सांगा. काम सांगणं म्हणजे भाषा शिकवणंच आहे.

*दोन ते तीन वर्षं.* पोळ्या करताना लिंबाएवढा कणकेचा गोळा मुलाच्या हातात द्या. दाबू दे, लाटू दे, साप करू दे. बाजारातून आणलेल्या पिशवीतले कांदे-बटाटे वेगळे करायला सांगा. दारातल्या चपलांच्या जोड्या लावायला सांगा. जुना पेपर फाडून तुकडे डब्यात भरू दे.

*तीन ते चार वर्षं.* खालच्या दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काढायचे. परातीत पाणी घेऊन एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायचं. मेथी-कोथिंबीर निवडायची. खडूने फरशीवर वाट्टेल ते काढायचं. चमचा, पान, खडा, बाटलीचं मोठं झाकण पाण्यात टाकून काय तरंगतं आणि काय बुडतं ते बघायचं. "आता हे बुडेल की तरंगेल?" असं आधी विचारा. हा विज्ञानाचा पहिला धडा आहे.

*चार ते सहा वर्षं.* "आज जेवायला किती जण? मग ताटं किती?" हे गणित. "एका बाटलीत किती पेले पाणी मावतं?" हे मापन. शर्टाची बटणं स्वतः लावायची, कागदाची होडी करायची, रांगोळीचे ठिपके जोडायचे. कॅलेंडरवर आजची तारीख शोधायची, बसचा नंबर वाचायचा, दुकानाच्या पाटीवर आपल्या नावातलं अक्षर शोधायचं. झोपताना गोष्ट सांगा आणि मध्येच थांबून विचारा, "मग काय झालं असेल?"

वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न खरा आहे. पहाटे पाणी भरायचं, सातला घर सोडायचं, एपीएमसीत धान्य निवडायचं किंवा वाशी-सीवूड्सला चार घरची धुणीभांडी करायची, संध्याकाळी परत चूल. वरचा कोणताही खेळ त्यासाठी वेगळा वेळ मागत नाही. स्वयंपाक, कपडे, अंघोळ, बाजार ही कामं तुम्ही करणारच आहात, त्यात मुलाला शेजारी घ्या. काम थोडं लांबेल, पसारा होईल. तेवढी त्याची फी समजा.

चार गोष्टी मात्र पाळा. एक, प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजा आणि उत्तराची वाट बघा, लगेच आपणच सांगू नका. दोन, मूल चुकलं तर हसू नका, पुन्हा करू द्या. तीन, घरची बोली बोला. मराठवाड्याची असो की वऱ्हाडातली, आजी ज्या बोलीत गोष्ट सांगते त्याच बोलीत मूल विचार करायला शिकतं. अर्धवट इंग्रजीपेक्षा भरपूर आणि मोकळी घरची भाषा केव्हाही बरी. चार, मोबाईल. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. घास भरवताना मोबाईल हातात देण्याची सवय आधी मोडा. मोबाईल मुलाला गप्प ठेवतो, पण त्याला उत्तर देत नाही.

आधी सुरक्षितता

आपल्या खोलीत झोपणं, रांधणं आणि खेळणं एकाच जागी होतं, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती दोन इंचांपेक्षा लहान वस्तू देऊ नका. नाणं, मणी, चणे, शेंगदाणे, चिंचोके घशात अडकतात. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. वेळ न घालवता रुग्णालय गाठा. भरलेली बादली झाकून ठेवा, तान्हं मूल थोड्या पाण्यातही बुडू शकतं. रॉकेल आणि ॲसिड कधीही थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. पाण्याचा खेळ संपला की परात लगेच रिकामी करा.

मूल खेळत नसेल तर

मूल सुस्त असेल, किरकिरं असेल, खेळात रमत नसेल तर त्याला आळशी म्हणू नका. रक्त तपासून घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. शंभरातली ६९! लोह कमी पडलं की लक्ष लागत नाही. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, ते आठवड्यातून दोनदा द्यायचं असतं. जंतनाशक गोळीचा दिवस चुकवू नका. डाळ, अंडं, हिरवी भाजी आणि वर लिंबू पिळायला विसरू नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. पाच महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांचं झालं तरी 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी येत होतं ते आता विसरत चाललं आहे. "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून वर्ष घालवू नका. महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्या दिवशी मूल हजर ठेवा. तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. कान तपासायलाही सांगा. ऐकू कमी येणारी कितीतरी मुलं 'हट्टी' म्हणून मार खातात.

हे काम एकट्या आईचं नाही

परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजींकडे एकच खोली होती. ते भीमरावांना लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे, स्वतः तोवर जागे राहायचे. बापाचा वेळ किती मोलाचा असतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. कंपनीतून आलेल्या दादांनी पंधरा मिनिटं मोबाईल खाली ठेवून कागदाची होडी केली तरी पुष्कळ झालं. आजी-आजोबांनी गोष्टी सांगाव्यात. मोठ्या बहिणीने खेळावं, पण धाकट्याला सांभाळण्यासाठी तिची शाळा कधीही बुडता कामा नये.

आपल्या विहारात एक खोका ठेवता येईल. त्यात डबे, झाकणं, चिंध्यांचे चेंडू, खडू, चित्रांची जुनी पुस्तकं ठेवा. रविवारी वंदनेनंतर तासभर सहा वर्षांखालची मुलं आणि त्यांचे आईबाप तिथेच बसून खेळू शकतात. अंगणवाडीताईंनाही बोलवा, कारण मूल रोज अंगणवाडीत गेलं पाहिजे. घरातले हे खेळ तिच्या जोडीला आहेत, तिच्या जागी नाहीत.

पहिलीच्या दारात उभं असलेलं आपलं लेकरू प्रश्न विचारणारं असावं, हाताने काही करून बघणारं असावं, चुकायला न घाबरणारं असावं. मग त्याच्या कपाळावर शिक्का मारायची कोणाची हिंमत होणार नाही. आज रात्री पोळ्या करताना कणकेचा एक गोळा बाजूला काढा, सुरुवात तिथून करा.

जय भीम!