वाघोबाच्या स्थानाला वर्गाची भेट

वारली चित्र पाहिले नाही असे मूल आज विरळाच. विलेपार्ल्यातील मुले ते साडीच्या पदरावर व शाळेच्या कुंपणभिंतीवर पाहतात. पण वारली लोक राहतात कोठे, असे विचारता डहाणू-जव्हारकडे बोट दाखवितात. वस्तुतः विलेपार्ल्याहून अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर ही स्थानके ओलांडली की गोरेगाव येते आणि त्याच्या पूर्वेस आरेच्या झाडीत वारल्यांचे पाडे आहेत. 1951 साली तेथील दुग्धवसाहतीचे उद्घाटन झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही वस्ती आहे. परिसर-अभ्यासाला यापरते जवळचे स्थळ कोणते?

पाहावयाचे मुख्य स्थळ म्हणजे वाघोबाचे स्थान. येथे शिखर किंवा गाभारा असेलच असे नाही. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, पुष्कळदा वर चंद्र-सूर्य, आणि सर्वांवर शेंदूर. देऊळ शोधणाऱ्या नजरेतून ते सहज निसटते. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील अशा सुमारे 150 स्थानांची नोंद वन्यजीव-अभ्यासकांनी केली असून ती 2021 साली प्रसिद्ध झाली. वाघबारशीला येथे नैवेद्य दिला जातो. वर्षाचा मान द्यावा आणि वाघोबाने माणसांचे व गुरांचे रक्षण करावे, असा हा जुना करार आहे. 'वाघ' या शब्दात बिबट्याही येतो, आणि बिबट्या आरेत आजही वावरतो. म्हणून ही केवळ पुराणगोष्ट नव्हे. शेजाऱ्याशी कसे नांदावे याचा तो विचार आहे. (भेट सकाळी ठेवावी व उन्हे उतरण्यापूर्वी परतावे, हे त्याच कारणाने.)

शिक्षकाने आधी एकट्याने पाड्यावर जाऊन जाणत्या माणसांची परवानगी घ्यावी. ती न मिळाल्यास सहल दुसरीकडे न्यावी, रुसू नये. मुलांनी पादत्राणे कोठे काढावीत, किती अंतरावर उभे राहावे, छायाचित्र घ्यावे की नाही, हे पाड्याने सांगावयाचे. "हे खरे आहे का?" हा प्रश्न तेथे विचारू देऊ नये. "मान कोण देतो? कोणत्या दिवशी? स्थान हलविता येते का?" असे प्रश्न मुलांनी वर्गातच लिहून न्यावेत. 'जंगली', 'मागासलेले' हे शब्द कोणाच्या तोंडून निघाले, तर पाठ तेथेच थांबवून त्यांचा समाचार घ्यावा.

चित्रांविषयीही एक गैरसमज दूर करावा लागतो. लग्नाचा चौक ही शोभेची नक्षी नव्हे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने, बांबूची काडी ठेचून, सुवासिनी तो लिहितात; मध्ये पालघट देवी असते आणि लग्नविधीची गाणी धवलेरी म्हणते. विधीवाचून, रोजच्या जीवनाची चित्रे काढण्याची वाट 1970 नंतर डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी रुळविली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले. तारपा-नृत्याचे वा शेतीचे चित्र मुलांनी चित्रकलेच्या तासाला खुशाल काढावे. स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर देवीचा चौक मात्र रंगवू नये. हौसेने असे घडते, आणि वर्गातील वारली मूल ते खाली मान घालून पाहते.

ज्या गावशाळेत अशी मुले पटावर आहेत तेथे आगगाडीची गरज नाही. परंतु "तू वारली ना, सांग" म्हणून त्या मुलाला नमुन्यासारखे उभे करू नये. त्याच्या आजीला किंवा पाड्यातील भगताला शाळेत बोलवावे, शिक्षकाने आपली खुर्ची द्यावी व स्वतः मुलांत बसावे. त्यांच्या बोलीतील शब्द मुलांनी जसेच्या तसे वहीत उतरवावेत. गुरुजींनी ते 'शुद्ध' करू नयेत.

परतल्यावर मुलांनी परिसराचा नकाशा काढावा: शाळा, रस्ता, ओढा, पाडा. वाघोबाचे स्थान त्यात दाखवावे किंवा कसे, हे पाड्याला विचारून ठरवावे.