उपग्रहाचं ऐकावं, पण सावकाश

आळेफाट्यावर माझं रेडिओ आणि मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. एकदा टेबलावरचे दोन फ्रिक्वेन्सी काउंटर एकाच सिग्नलचे दोन आकडे दाखवू लागले. कोणाला खरं मानावं ते कळेना. त्या अस्वस्थतेतून १० मेगाहर्ट्झचा घरगुती ऑसिलेटर उभा राहिला. ओव्हनमधला क्रिस्टल, जीपीएस रिसीव्हर आणि दोघांत समेट घडवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर, एवढाच पसारा. बारा-तेरा वर्षं तो चालू आहे. त्यानं शिकवलेलं लिहून ठेवतो.

१. आधी दोघांचे स्वभाव ओळखा.

जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, पोटात अणुघड्याळं. त्यांच्या संकेतांवरून रिसीव्हर दर सेकंदाला एक टिचकी देतो. ही टिचकी माझ्याकडे दहा-वीस नॅनोसेकंद मागेपुढे पडते, पण चूक साठत नाही. आज जेवढी, वर्षानंतरही तेवढीच. क्रिस्टलचं नेमकं उलटं. सेकंदभरात तो तसूभर हलत नाही, पण महिनोन्महिने वाहवत जातो. दहा कोटींत एक एवढाच फरक पडला, तरी दिवसाला ८६४ मायक्रोसेकंद हातचे जातात.

आता हिशेब बघा. एका सेकंदात १० नॅनोसेकंदांची चूक म्हणजे दहा कोटींत एक. तीच चूक हजार सेकंदांवर पसरली की दहा हजार कोटींत एक. म्हणजे जवळचं क्रिस्टलला विचारायचं, लांबचं उपग्रहाला. सगळी कला या दोघांमधली हद्द कुठे आखायची, यात आहे.

२. दुरुस्ती हळू करा.

मी सुरुवातीला घाई केली. दर तीस सेकंदांनी क्रिस्टलला ओढून जागेवर आणायचो आणि आकडा बरोबर दिसतो म्हणून खूश असायचो. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक जुना रुबिडियम ऑसिलेटर आणला आणि शेजारी लावला, तेव्हा कळलं, माझा क्रिस्टल थरथरतोय. टिचकीची सगळी डळमळ मीच त्याच्यात ओतत होतो. नारायणगावचे एक बुजुर्ग इंजिनिअर आलेख पाहून म्हणाले, “अरे, तू घडीघडीला त्याचा कान पिळतोस. तो स्थिर राहील कसा?” त्यांच्यासमोरच मी दोन दुरुस्त्यांमधली वेळ पंधरा मिनिटांवर नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ सरळ होती. ती रेघ मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

रुबिडियम आल्याचा आणखी एक फायदा. दोनच असले तर भांडण आहे एवढंच कळतं. चूक कोणाची, हे सांगायला तिसरा लागतो.

३. शटरची वेळ आलेखात दिसते.

क्रिस्टलला जागेवर ठेवणारा व्होल्टेज मी वहीत टिपतो. थंडीत रोज नऊच्या सुमाराला त्यात एक खळगा पडायचा. रिसीव्हर तपासला, सोल्डरिंग तपासलं. शेवटी लक्षात आलं, नऊला मी शटर उघडतो आणि जुन्नरचा गार वारा थेट टेबलावर येतो. ओव्हन असूनही क्रिस्टलला तो जाणवत होता. थर्माकोल लावलेल्या धान्याच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवलं आणि खळगा जवळजवळ बुजला.

आणि ओव्हन बंद करू नका. वीज गेली की क्रिस्टल थंड होतो, आणि पुन्हा ठिकाणावर यायला कधी कधी दिवस घेतो. माझ्या इन्व्हर्टरवर पंख्याआधी याचा हक्क आहे.

४. ॲन्टेनाला उघडं आकाश द्या, आणि शेजाऱ्यांशी बोला.

उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत गोंगाटाखाली दबलेला असतो. माझा रिसीव्हर रोज संध्याकाळी सातला आंधळा व्हायचा. शेजारच्या गच्चीवरचा टीव्हीचा स्वस्त बूस्टर बिघडून स्वतःच सिग्नल सोडत होता. मी तो बदलून दिला, पैसे घेतले नाहीत.

ॲन्टेना पक्की बसली की रिसीव्हरला एक दिवस जागा मोजू द्या आणि मग ती गोठवा. जागा ठाऊक असली की वेळेपुरता एकच उपग्रहही पुरतो.

५. केबल मोजून घ्या.

मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद. नुसती फ्रिक्वेन्सी हवी असेल तर फरक पडत नाही, अचूक वेळ हवी असेल तर पडतो.

६. खोडदला एकदा जाऊन या.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती सगळ्यांना पाहता येते. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही एकमेकींपासून २५ किलोमीटर लांब. सगळ्यांना एकच ठेका मध्यवर्ती इमारतीतून ऑप्टिकल फायबरनं जातो. आकाशातून येणाऱ्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरीची लांबी २१ सेंटिमीटर आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. ठेका नॅनोसेकंदानं सरकला तर अख्खी लहर निसटली! तिथला ठेकाही जीपीएसला बांधलेला आहे, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माझ्या पत्र्याच्या डब्यात हेच तर चाललंय. पुढे जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, वर्षानुवर्षांच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जाहीर झालं. त्यात खोडदच्या नोंदी होत्या. घड्याळावर भरवसा नसता तर त्या नोंदींना काय अर्थ राहिला असता?

७. उपग्रहावरही आंधळा विश्वास नको.

२६ जानेवारी २०१६. एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीचा आकडा चढला आणि काही उपग्रह जागतिक वेळेतला फरक १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकीचा सांगू लागले. जगभरातली कितीतरी यंत्रं गोंधळली. मी रिसीव्हर जागतिक वेळेवर न ठेवता जीपीएसच्या स्वतःच्या वेळेवर ठेवला होता, तिच्यात जागतिक वेळेतला तो फरक मिसळतच नाही. त्या दिवसाच्या पानावर माझी रेघ सरळ आहे. तरी दुसऱ्याच आठवड्यात मी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. टिचकी अचानक एका मायक्रोसेकंदाहून जास्त सरकली तर तिचं ऐकायचं नाही, क्रिस्टलला त्याच्या त्याच्या चालीनं चालू द्यायचं आणि लाल दिवा लावायचा. आजवर तो दिवा चारदा लागला. चारही वेळा केबलच्या जोडात पावसाचं पाणी शिरलं होतं.