जवस अख्खा ठेव, लागेल तेवढाच दळ

नागपूर

चि. बाळ यास,


भात-पोळी कमी करून लो-कार्ब आहार सुरू केलास आणि ताईही घरात तेच खाते, हे कळलं. जवसाची एक किलोची तयार पूड मागवून ती गॅसच्या ओट्यावर पारदर्शक बरणीत भरून ठेवली आहेस, हेही ताईने फोनवर सांगितलं. जवस निवडलास हे फार चांगलं केलंस. ती बरणी मात्र आजच तिथून हलव. कारण सविस्तर लिहिते.

आधी जवस का, ते पाहू. हिंजवडीत नोकरी करणारी कितीतरी मुलं वजन किंवा साखर वाढली की पोळी, भाकरी, डाळी, फळं एकदम तोडतात आणि ताटात पनीर, अंडी, चिकन वाढवतात. दिवसभर खुर्चीत बसणं, पाणी कमी पिणं, त्यात हा बदल. आठवड्याभरात पोट साफ होईनासं होतं, कारण धान्य-डाळींबरोबर चोथाही गेलेला असतो. पनीर, अंडी आणि चिकन यांत चोथा नसतो. ही उणीव जवस भरून काढतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम जवसात साधारण ४२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १८ ग्रॅम प्रथिनं आणि २९ ग्रॅम कर्बोदकं असतात. हा २९ चा आकडा पाहून लो-कार्ब करणारे दचकतात. पण त्यातले २७ ग्रॅम तंतू, म्हणजे चोथाच आहे. रक्तातली साखर वाढवणारा भाग दोन ग्रॅमही भरत नाही. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं मिळतात, हे शेजारी ठेवून बघ. उष्मांक मात्र विसरू नकोस: १०० ग्रॅमला ५३४. वजन उतरवायचं असेल तर जवस मोजूनच खायचा.

आता साठवणीबद्दल. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हे जुनं रब्बी पीक. धानाच्या बांधीत ओल असतानाच, कापणीच्या आधी, उभ्या पिकात बी फेकायचं. धान निघालं की त्याच ओलाव्यावर जवस वाढतो. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं जवसावरचं संशोधन चालतं आणि एनएल-९७ सारखे वाण तिथूनच शेतकऱ्यांकडे गेले. या भागातल्या घरांत वर्षाचा जवस उन्हात खडखडीत वाळवून अख्खाच डब्यात भरतात. चटणी कुटायची ती आठ-पंधरा दिवसांपुरती. पूड करून वर्षभर ठेवण्याची रीत इकडे नाही, आणि त्यामागे पक्कं कारण आहे.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतीतल्या ओमेगा-३ चा. या आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला प्राणवायू नेमका त्यांच्या आसपास हल्ला करतो. उष्णता आणि उजेड त्याला मदत करतात. दाणा अख्खा असेपर्यंत त्याचं टणक, चकचकीत टरफल तेल झाकून ठेवतं. दळला की तेच तेल कणाकणावर उघडं पडतं.

शाळेत असताना तू नव्या बॅटला जवसाचं तेल चोळून ती दिवसभर आडवी ठेवायचास. ते तेल पाण्यासारखं उडून जात नव्हतं. हवेतला प्राणवायू घेऊन लाकडावर त्याचा पातळ, घट्ट थर बनत होता. तैलचित्रांचे रंग याच गुणामुळे वाळतात, आणि फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज कारखानदाराने १८६० च्या दशकात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम बनवलं तेही हेच तेल हवेत घट्ट होऊ देऊन. बॅटीवर हवीहवीशी असलेली ही क्रिया पुडीच्या बरणीत सुरू झाली की तिला आपण खवटपणा म्हणतो.

म्हणून अख्खा जवस आण. पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार विभागात मिळतो, चिंचवड किंवा वाकडच्या किराणा दुकानातही मिळतो. नवा माल साधारण फेब्रुवारी-मार्चनंतर बाजारात येतो. मूठभर घेऊन बघ: दाणा चमकदार हवा, दाताखाली कटकन फुटायला हवा, चव शेंगदाण्याच्या अंगाने जाणारी हवी. दोन महिन्यांपुरताच घे. खडे-कचरा निवडून, कोरड्या हवाबंद डब्यात, ओट्यापासून लांबच्या बंद कपाटात ठेव. असा जवस महिनोन्महिने चांगला राहतो. एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा डबा फ्रिजमध्ये गेलेला बरा.

पूड आठवड्याला लागेल तेवढीच कर. मिक्सर थांबवत थांबवत फिरव. सलग फिरवलास तर भांडं तापतं आणि पुडीचे गोळे होतात. पूड लहान बरणीत गच्च भर, म्हणजे आत हवा कमी राहील, आणि फ्रिजमध्ये ठेव. पावसाळ्यात गार बरणी बाहेर उघडी राहिली तर आत दमट हवा जाऊन पाणी सुटतं, तेव्हा चमचाभर काढून लगेच आत ठेवायची. एखाद्या आठवड्यात वेळ मिळणार नसेल तर जास्तीची पूड फ्रीझरमध्ये टाक. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नकोस. पुडीला रंगाच्या डब्यासारखा किंवा मासळीसारखा वास आला, जिभेवर कडवट लागली, की पैशाकडे न बघता टाकून दे. ओट्यावरच्या त्या किलोभर पुडीचीही आधी हीच परीक्षा घे.

तेल विकत घेणार असशील तर खाण्यासाठीचं, थंड पद्धतीने काढलेलं, गडद बाटलीतलंच घे, फ्रिजमध्ये ठेव आणि कोशिंबिरीवर वरून घाल. फोडणीला वापरू नकोस. ते फार लवकर धुरावतं. रंगाच्या दुकानात आणि ऑनलाइनही ‘बॉइल्ड लिन्सीड ऑइल’ नावाचे डबे मिळतात. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ते लाकडासाठी आहे, पोटासाठी मुळीच नाही.

खायचा कसा? अख्खे दाणे गिळलेस तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटून किंवा दळूनच. सुरुवात एका चमच्याने कर, पंधरवड्यात दोन मोठ्या चमच्यांपर्यंत जा. सगळ्यात सोपी आपली चटणी: जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज, गार होऊ दे, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, लसूण, मीठ घालून भरडसर कूट. गूळ नको. भाकरीची आठवण आली तर दोन वाट्या किसलेला कोबी, अर्धी वाटी जवसाची पूड, चमचाभर इसबगोल, ओवा, तिखट, मीठ एकत्र करून दहा मिनिटं झाकून ठेव. जवसाचा चिकटपणा सुटला की गोळा आपोआप बांधला जातो. लोखंडी तव्यावर मंद आचेवर थालीपीठासारखं थाप. ताकातून किंवा दह्यातून पूड घेतलीस तरी चालेल, फक्त त्यावर पेलाभर पाणी पी. पाण्याशिवाय हा चोथा पोट मोकळं करण्याऐवजी अडवतो.

जवसाच्या गुणांना संशोधनाचा आधार आहे. कॅनडात विनिपेगला पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ११० रुग्णांवर चाचणी झाली. त्यातल्या एका गटाने सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस खाल्ला, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी कमी राहिला. पुण्यातही भारती विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांच्या खाद्यात जवस घालून अंड्यातलं ओमेगा-३ वाढवण्याचं काम केलं आहे. तरीही औषधं सोडून जवसावर विसंबायचं नाही. वनस्पतीतल्या ओमेगा-३ चा अगदी थोडा भाग आपल्या शरीरात माशातल्या ओमेगा-३ मध्ये बदलतो, म्हणून बांगडा-तारली आवडत असेल तर तीही खात जा. कच्च्या जवसात सायनाइड सुटू शकणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात. भाजल्याने ती कमी होतात. दोन चमच्यांची मर्यादा पाळण्याचं हेही एक कारण.

शेवटचं, ताईसाठी. ती साखरेच्या गोळ्या घेते. भात-पोळी एकदम कमी झाली आणि गोळ्यांचं प्रमाण तेच राहिलं, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. काही नव्या गोळ्यांबरोबर कर्बोदकं फार तोडली तर रक्तातलं आम्ल वाढण्याचीही भीती असते. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. जवसाचा चोथा गोळ्या शोषल्या जाण्याच्या आड येतो, म्हणून थायरॉइडची सकाळची गोळी आणि जवस यांत काही तासांचं अंतर ठेव. तिला दुपारच्या जेवणातच दे. या शनिवारी तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, नवा आहार सांग, आणि त्यांनी मात्रा ठरवून दिल्यावरच तिच्या ताटात चटणी वाढ.

तुझी,
मावशी